पेट्रोल उतरते, हप्ता उतरत नाही

माझ्या खालाच्या मुलाने २०१३ मध्ये डिझेलची गाडी घेतली. वडाळा गावात त्याचे इलेक्ट्रिकच्या सामानाचे छोटे दुकान आहे. घरून दुकान, दुकानातून माल आणायला शालिमार, जुम्याच्या दिवशी भद्रकालीत नानीकडे. महिन्याला साडेचारशे किलोमीटरच्या वर गाडी जातच नव्हती. मग डिझेल कशाला, असे विचारल्यावर तो म्हणाला होता, "भाई, दोघांच्या दरातला फरक बघ ना. पेट्रोलवर कोण पैसे जाळणार?"

डिझेलच्या गाडीसाठी त्याने पेट्रोलच्या गाडीपेक्षा लाखभर रुपये जास्त मोजले आणि पाच वर्षांचे कर्ज काढले. त्या वेळच्या दरांनी त्याचे महिन्याला फार तर हजार रुपये वाचत असतील. म्हणजे ते लाख रुपये वसूल व्हायला आठ-नऊ वर्षे लागणार होती, आणि तीही दोन इंधनांच्या दरातला फरक तसाच टिकला तर. फरक टिकला नाही. हप्ते फिटले तोवर तो बराचसा आटला होता. गाडी विकायला काढली तेव्हा समोरच्याने जी किंमत सांगितली ती ऐकून तो घरी येऊन नुसता बसून राहिला.

तो काही भोळा नाही. दुकानात पैशापैशाचा हिशेब ठेवतो. पण त्या वर्षांत सगळा देशच त्याच्यासारखा विचार करत होता. पेट्रोलचे दर जून २०१० मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले होते, डिझेलला मात्र सरकार आधार देत होते. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेले आणि डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होते. हा आधार ट्रक, ट्रॅक्टर आणि एसटीसाठी होता, पण त्याचा फायदा घ्यायला कार घेणारे पुढे सरसावले. २०१२-१३ मध्ये देशात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. मग जानेवारी २०१३ पासून डिझेलचा दर महिन्याला थोडा थोडा वाढू लागला आणि १८ ऑक्टोबर २०१४ ला डिझेलही नियंत्रणमुक्त झाले. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले, तेव्हा देशातल्या सर्वांत मोठ्या कार कंपनीने, मारुतीने, डिझेलच्या गाड्या बनवणेच थांबवले. त्याच जून महिन्यात दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षाही महाग झाले. ज्या फरकाच्या भरवशावर लाखो लोकांनी गाड्या घेतल्या, तो आठ वर्षांत उलटा झाला.

ही गोष्ट आज सांगायचे कारण असे की, इंधन स्वस्त होणार अशी नुसती चर्चा सुरू झाली तरी आपल्या मोहल्ल्यात कुणीतरी शोरूमची चक्कर मारून येतो. इंधनाचा दर रोज बदलू शकतो. गाडी मात्र आपण दहा वर्षांसाठी आणि तिचे कर्ज सात वर्षांसाठी घेतो. बदलत्या दराकडे बघून न बदलणारा निर्णय घेतला जातो, आणि आपली फसगत नेमकी तिथे होते.

साधा हिशेब मांडू. समजा, एका तरुणाने सहा लाखांचे कर्ज सात वर्षांसाठी साडेनऊ टक्क्यांनी घेतले. त्याचा हप्ता साधारण ९,८०० रुपये येतो. सात वर्षांत तो सव्वाआठ लाखांच्या आसपास फेडतो, म्हणजे सव्वादोन लाखांच्या जवळपास नुसते व्याज. विमा, सर्व्हिसिंग, टायर, पार्किंग वेगळे. आता समजा, त्याची गाडी महिन्याला साडेचारशे किलोमीटर चालते आणि लिटरला पंधरा किलोमीटर देते. तिला तीस लिटर पेट्रोल लागेल. पेट्रोल लिटरमागे चक्क दहा रुपयांनी उतरले, तरी त्याचे महिन्याला तीनशे रुपये वाचतील. तीनशेच्या आनंदात ९,८०० चा हप्ता गळ्यात घेणे, याला व्यवहार कसा म्हणायचा? तरी हे होते, कारण पेट्रोलचा दर पंपावरच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो, आणि व्याज कर्जाच्या कागदांत लहान अक्षरांत असते.

त्यात दहा रुपये उतरतील ही कल्पनाही भाबडीच आहे. आपल्याकडे कच्चे तेल उतरते तेव्हा काय होते, याचा अनुभव ताजा आहे. जून २०१४ मध्ये जागतिक बाजारात कच्च्या तेलाचा पिंप ११० डॉलरच्या वर होता. जानेवारी २०१६ मध्ये तो ३० डॉलरच्याही खाली आला. म्हणजे तेल जवळजवळ तीन चतुर्थांशाने उतरले. दिल्लीत पेट्रोल मात्र ७१ रुपयांवरून ६० च्या आसपास आले, इतकेच. उरलेला फायदा कुठे गेला? नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. पेट्रोलवर एकूण ११ रुपये ७७ पैसे, डिझेलवर १३ रुपये ४७ पैसे.

२०२० मध्ये टाळेबंदीने तेल पुन्हा कोसळले, अमेरिकेत तर २० एप्रिलला वायदेबाजारातला भाव शून्याच्याही खाली गेला. त्यानंतर मे महिन्यात आपल्याकडे पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये शुल्क एका रात्रीत वाढले. २०१४ मध्ये पेट्रोलवर केंद्राचे शुल्क साडेनऊ रुपयांच्या आसपास होते, ते ३२ रुपये ९८ पैशांवर पोहोचले. पुढे नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये त्यातला काही भाग मागे घेतला गेला, जुलै २०२२ मध्ये राज्यानेही पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर तीन रुपये कमी केले. पण एप्रिल २०२५ मध्ये तेल पुन्हा घसरले, तेव्हा केंद्राने दोन्ही इंधनांवर दोन रुपये शुल्क वाढवले आणि पंपावरचा दर होता तिथेच राहिला.

सीएनजीची गोष्टही वेगळी नाही. १ एप्रिल २०२२ पासून महाराष्ट्राने सीएनजीवरचा कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. रिक्षावाल्यांनी, टॅक्सीवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला. नेमक्या त्याच दिवसापासून देशी वायूचा केंद्राने ठरवलेला दर २.९० डॉलरवरून ६.१० डॉलर झाला, आणि महिना संपण्याआधी राज्यातल्या पंपांवरचे दर पुन्हा चढले. ज्याने त्या पहिल्या आठवड्यात कर्ज काढून किट बसवले, त्याचा हिशेब महिन्याभरात बदलला.

कर घेणे वाईट असे मी म्हणत नाही. शाळा, दवाखाने, रस्ते करातूनच होतात. इंधन फार स्वस्त ठेवले तर काय होते हे अमेरिकेत दिसले आहे. तिथे इंधनावर कर कमी, त्यामुळे तेल उतरले की पंपावरचा दरही तसाच उतरतो. २०१४ नंतर तो उतरला आणि २०१५ मध्ये अमेरिकी लोकांनी तोवरचे सर्वाधिक अंतर गाडीने कापले, तीन लाख कोटी मैलांहून अधिक. लहान गाड्या सोडून लोक मोठ्या एसयूव्ही आणि पिकअपकडे वळले. २०१८ मध्ये फोर्ड कंपनीने तिथे सेडान गाड्या विकणे जवळपास बंद करत असल्याचे जाहीर केले. आणि जून २०२२ मध्ये तिथल्या पेट्रोलचा सरासरी दर गॅलनला पाच डॉलरच्या पुढे गेला, तेव्हा हेच लोक आपल्या भल्यामोठ्या गाड्या घेऊन पंपावर उभे होते. माणूस रोजचे फिरणे थोडे कमी-जास्त करू शकतो, पण दारातली गाडी दरानुसार लहान-मोठी होत नाही.

म्हणून माझी तक्रार कराबद्दल नाही, त्या कराच्या परताव्याबद्दल आहे. तेल स्वस्त झाल्यावर वाचलेले पैसे जर सरकारने घेतले, तर ते आपल्याला कशाच्या रूपाने परत मिळाले? नाशिकच्या संदर्भात याचे उत्तर एका शब्दात मागता येते: बस.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशात शंभरातल्या जेमतेम आठ घरांकडे कार आहे, आणि साधारण निम्म्या घरांकडे दुचाकी. म्हणजे पेट्रोल स्वस्त झाल्याचा थेट आनंद सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. डिझेल महाग झाल्याचा भार मात्र सगळ्यांवर पडतो, कारण लासलगावचा कांदा आणि पंचवटीच्या मार्केट यार्डातली भाजी डिझेलवरच चालते. आणि तिकिटाचे? एसटीचे भाडे जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्क्यांनी वाढले. मार्च २०२४ पासून डिझेलचा दर जवळपास जागेवर होता.

नाशिकची शहर बससेवा पूर्वी एसटी चालवायची. ८ जुलै २०२१ पासून महापालिकेची सिटीलिंक सुरू झाली. सीएनजीवर चालणाऱ्या बस, मोबाइलवर वेळापत्रक, स्वच्छ गाड्या. सुरुवात चांगली होती. पण ठेकेदाराकडचे वाहक थकलेल्या पगारासाठी पुन्हा पुन्हा संपावर गेले आणि बस पुन्हा पुन्हा आगारात उभ्या राहिल्या. १ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या टायरवर धावणाऱ्या 'मेट्रो निओ'साठी २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले. त्या मेट्रोचा एक खांबही उभा राहिलेला आपण पाहिला नाही. बस येईल की नाही याची खात्री नसलेला माणूस कर्ज काढून गाडी घेतो. त्याला दोष देणे सोपे आहे, पण त्याला गाडीकडे ढकलण्यात पेट्रोलच्या दरापेक्षा न आलेल्या बसचा वाटा मोठा आहे.

आणि यात सर्वांत जास्त किंमत कोण मोजते? आपल्या बहिणी. घरात एक मोटारसायकल असते, ती भाऊ घेऊन जातो. कारण पेट्रोल परवडते आणि त्याला 'कामं असतात'. कॉलेज रोडला शिकणाऱ्या, नाशिकरोडला क्लासला जाणाऱ्या मुलीला मग बस किंवा शेअर रिक्षा. बस बंद पडली की घरात निर्णय होतो, "आजचा दिवस राहू दे." असे राहू दिलेले दिवस साठत जातात आणि एखाद्या वर्षी शिक्षणच राहून जाते. मुलींच्या शिक्षणावर आपण इतकी भाषणे ऐकतो. त्यातल्या एकात तरी बसच्या वेळापत्रकाचा उल्लेख ऐकला आहे का?

इथे आपल्या समाजातल्या एका सवयीबद्दलही बोलले पाहिजे. निकाह ठरताना 'आम्हाला काही नको' असे म्हणणारे घर नंतर हळूच म्हणते, "गाडी तर सगळेच देतात." २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा उपकरही गेला. गाड्या खरोखरच काही हजारांनी स्वस्त झाल्या आणि सणासुदीत विक्री धडाक्याने वाढली. बाजारासाठी ही चांगली बातमी होती. पण मुलीच्या बापासाठी गाडी स्वस्त होणे म्हणजे मागणी मोटारसायकलवरून कारवर जाणे, असे झाले तर ती स्वस्ताई कुणाच्या जिवावर? मेहर देण्याची जबाबदारी मुलाची आहे, हे आपण सगळे जाणतो. तरीही गाडीचा हप्ता मुलीचा बाप फेडतो आणि पेट्रोल मुलगा भरतो, असे संसार मी पाहिले आहेत. ज्याला पेट्रोल भरणेच परवडते त्याने गाडी मागू नये, एवढे तरी तरुणांनी स्वतःशी ठरवावे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. नाशिक हे गाड्यांवर जगणारे शहर आहे. महिंद्राची थार आणि बोलेरो इथे बनते. जिच्या जुन्या नावावरून आपण आजही 'मायको सर्कल' म्हणतो, त्या बॉशच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजिनांचे इंजेक्टर आणि नोझल तयार होतात. सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांत, द्वारका ते मुंबई नाक्याच्या गॅरेजांत, ट्रान्सपोर्टच्या गाड्यांवर आपली किती मुले काम करतात! गाड्या खपल्या नाहीत तर त्यांचे काय? हा प्रश्न टाळता येणार नाही. २०१९ च्या मंदीत बॉशने नाशिकमधले उत्पादन काही दिवस बंद ठेवल्याचे या शहराने पाहिले आहे.

पण याच अनुभवातून उलटा धडाही निघतो. स्वस्त डिझेलवर उभी राहिलेली मागणी दर बदलताच ओसरली आणि त्याचा फटका कामगाराला बसला. २०१२-१३ मध्ये निम्म्याहून अधिक असलेला डिझेल गाड्यांचा वाटा २०२०-२१ मध्ये पाचातला एकही राहिला नाही. दराच्या लाटेवर आलेली नोकरी लाटेबरोबर जाऊ शकते. बसही कुणीतरी बनवते, चालवते, दुरुस्त करते. शहराला चारशे-पाचशे चांगल्या बस लागल्या, तर चालक, वाहक, मेकॅनिक, बॅटरी आणि सीएनजीचे तंत्रज्ञ लागतील. आयटीआयला जाणाऱ्या आपल्या भावाने फक्त डिझेल इंजिन उघडायला शिकू नये, विजेच्या गाडीची वायरिंगही शिकावी. ज्याचे पोट गाडीवर आहे, त्याने तर पेट्रोलच्या फलकापेक्षा पुढचे पाहायला हवे.

गाडी घेऊच नका, असे मी सांगत नाही. ज्याचा धंदा गाडीवर आहे, ज्याच्या घरी चालू न शकणारे आजारी माणूस आहे, ज्याला रोज सिन्नर किंवा दिंडोरीला जावे लागते, त्याने जरूर घ्यावी. पण शोरूममध्ये शिरण्याआधी कागदावर चार प्रश्न लिहावेत. महिन्यातले किती दिवस गाडी खरोखर लागेल? पेट्रोल वीस रुपयांनी वाढले तरी हप्ता आणि घरखर्च निघेल का? तिच्या पार्किंगची जागा आपली आहे, की जोगवाड्याच्या गल्लीत शेजाऱ्याच्या दारासमोर ती उभी करून रोज वाद घालायचा आहे? आणि तेवढेच दिवस भाड्याची गाडी केली तर वर्षाला किती जातील? या चारही उत्तरांनंतर गाडी घ्यावीशी वाटली तर तो तुमचा विचार असेल, पंपावरच्या फलकाचा नाही.

दुसरे काम एकट्याने होणारे नाही. आपल्या प्रभागात नगरसेवक मते मागायला येतात तेव्हा आपण काय मागतो? पेव्हर ब्लॉक, ड्रेनेज, कब्रस्तानाची भिंत. हे सगळे हवेच. त्यात एक ओळ वाढवा. आमच्या भागात बस किती वाजता येणार, दर किती मिनिटांनी येणार आणि वाहकाचा पगार कुणी थकवला तर जबाबदार कोण? मोहल्ल्यातल्या पाच-सात मुलामुलींनी एक आठवडा थांब्यावर उभे राहून किती बस आल्या, किती उशिरा आल्या याची वही ठेवली, तर ती वही घेऊन महापालिकेत जाता येते. आकडे असलेल्या माणसाला टोलवणे अधिकाऱ्यालाही जड जाते. आणि बसची मागणी ही कुणा एका जमातीची नसते. त्याच थांब्यावर पंचवटीची मुलगी उभी असते आणि सातपूरचा कामगारही. शहरात एकत्र उभे राहण्याच्या जागा कमी होत चालल्या आहेत, त्यात बसथांबा अजून शिल्लक आहे.

जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांची आठवण काढा. अपघाताच्या नव्या कायद्याविरोधात चालकांनी संप केला, मनमाडजवळ पानेवाडीला टँकर उभे राहिले आणि नाशिकच्या पंपांवर रांगा लागल्या. त्या रांगेत कुणी दर विचारत नव्हते, मिळेल का एवढेच विचारत होते. आपले सगळे चालणे-फिरणे आपण एका नळीला किती घट्ट बांधून घेतले आहे, हे त्या दोन दिवसांत दिसले होते. नळी पुन्हा सुरू झाली आणि आपण विसरलो.

माझा खालाजाद भाऊ आता स्कूटरवर दुकानात जातो. सगळे घर मिळून कुठे जायचे असेल तर भाड्याची गाडी करतो, महिन्यातून एखाद्या वेळी. गेल्या ईदला त्याच्या धाकट्या भावाने गाडी घेण्याचा विषय काढला. "पेट्रोल उतरणार म्हणतात," असे तो म्हणाला. मोठ्याने काही समजावले नाही. आतून जुन्या कर्जाची फाईल आणली आणि त्याच्या हातात दिली. "आधी हे वाच," एवढेच म्हणाला.